तारामतीबाईंनी इंग्रजीला दिलेला शब्द

तारामती सोनकांबळे उदगीरच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागली तेव्हा चोविशीची होती, आणि तिला एका जागी बसवत नसे. वर्गातली खुर्ची तिनं कधी वापरली नाही. बाकांच्या रांगांमधून येरझाऱ्या घालत ती शिकवायची, आणि मागून एखाद्या पोरानं चुकीचं क्रियापद लावलं की चालता चालता गर्रकन वळायची. पोरं म्हणायची, बाईंच्या पाठीलाही कान आहेत.

शुद्ध भाषेचा हा चटका तिला नांदेडच्या कॉलेजात लागला होता. मोरतळीसारख्या लहान गावातून, तिथल्या बौद्ध वस्तीतून, कॉलेजात पोचलेली ती पहिलीच मुलगी. हॉस्टेलवर दुसऱ्या दिवशी ती सहज म्हणाली, "मला लई भूक लागून राहिली." खोलीतल्या मुलींना ते वाक्य पुढे कितीतरी दिवस पुरलं. ती दारात दिसली की कोणीतरी हाक मारायची, "तारा, काय करून राहिली गं?" त्यानंतर तिनं जिभेवरचं एकेक धुऊन काढलं. 'हाव' गेलं, 'न्हाई' गेलं, 'बेगीन'च्या जागी 'लवकर' आलं, 'कोरड्यास'च्या जागी 'भाजी'. मराठी अशी पुस्तकी झाली की सुट्टीत घरी आल्यावर तिची माय नागुबाई तिच्या तोंडाकडे बघत राही आणि म्हणे, "पाव्हण्यावानी नको बोलू बाई."

इंग्रजीचं तसं नव्हतं. ती कोणाच्याच घरची नव्हती. हसणाऱ्या मुलींच्याही नव्हती. तिथं सगळ्यांनाच शून्यापासून चढायचं होतं, आणि तारामती सगळ्यांच्या पुढे चढली.

त्र्याहत्तरचा उन्हाळा आला तो सलग दुष्काळाचा. उदगीरच्या बाजारात लाल मिलो ज्वारी यायची, ती परदेशातून आलेली. तिच्या भाकरी थापताना बायका तोंड वाकडं करायच्या. नागुबाई रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती. वडील केरबा आधीच गेले होते. तारामती दर रविवारी मोरतळीला जायची, मायला म्हणायची, "चल माझ्याकडे उदगीरला," आणि माय म्हणायची, "तिथं काय नळाला पाणी हाय का?" तिथंही नव्हतंच.

त्याच सुमारास बोअर पाडायचं एक मोठं यंत्र ट्रकवर बसून तालुक्यात आलं. दुष्काळात मदत करणाऱ्या एका परदेशी संस्थेचं ते होतं. यंत्राबरोबर कॉलिन नावाचा ऑस्ट्रेलियन होता, पंचेचाळिशीचा, उन्हानं मान विटेसारखी लाल झालेला. लोकांनी त्याला पहिल्याच दिवशी कालीनसाब करून टाकलं. त्याचं बोलणं गावकऱ्यांना कळावं म्हणून इंग्रजी येणारं माणूस हवं होतं. शाळेला सुट्टी लागली होती. मुख्याध्यापकांनी तारामतीचं नाव दिलं, आणि ती पांढरी साडी नेसून जीपमध्ये बसली. आपलं इंग्रजी खऱ्या इंग्रजी माणसापुढे लावून बघायचं होतं तिला.

पहिल्या दिवशी तिला त्याचं एक वाक्य धड कळलं नाही. तो शब्द चघळून टाकायचा, अर्धे गिळायचा. दुपारी यंत्र बंद पडलं. कॉलिन वैतागून म्हणाला, "कॉम्प्रेसर्स क्रूक." भोवती गाव जमलेलं, सगळे तिच्याकडे बघताहेत. क्रूक म्हणजे लबाड, चोर, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. ती म्हणाली, "साहेब म्हणताहेत की कॉम्प्रेसरवाला चोर आहे."

कॉम्प्रेसर सांभाळायचा तो धोंडप्पा, उदगीरचाच, घरी कानडी बोलणारा. त्यानं हातातला पाना खाली टाकला. "अय्यय्यो! चोर? म्या? इचारा त्येला बाई, काय चोरलो म्या? अबी के अबी इचारा!"

प्रकरण वाढलं. धोंडप्पा गाठोडं बांधून निघालाच. शेवटी कॉलिनला काय झालं ते कळलं तेव्हा तो जमिनीवर बसून हसला, आणि मग उठून धोंडप्पाच्या खांद्यावर हात टाकून त्याला परत घेऊन आला. त्याच्याकडे म्हणे आजारी माणसाला, बिघडलेल्या यंत्राला, नासलेल्या दुधाला, सगळ्यांना क्रूक म्हणतात.

तारामतीचे कान तापले होते. "हे इंग्रजी कुठल्या पुस्तकात आहे?" तिनं विचारलं.

"पुस्तकात नाही," कॉलिन म्हणाला. "माझ्या आईच्या स्वयंपाकघरात आहे."

हे उत्तर तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. इंग्रजीलाही स्वयंपाकघर असतं, तिथंही कोणाची तरी माय धुणं बडवताना मोडकंतोडकं बोलते, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या रात्री तिला झोप नीट लागली नाही. मग आपण एवढी वर्षं कोणाची भाषा घोटली?

पुढचे आठवडे ती जीपमधून गावोगाव फिरली आणि जसजशी फिरली तसतशी जास्तच अस्वस्थ झाली. कॉलिन या तालुक्यात नवा होता, पण देशात येऊन त्याला तीन वर्षं झाली होती. कोरडं भोक लागलं की तो धोंडप्पासारखाच म्हणायचा, "खलास." लातूरच्या ऑफिसशी फोनवर बोलताना त्याचं सगळं इंग्रजी असं चालायचं: टू बोअर्स पक्का, वन खलास, डू द बंदोबस्त फॉर डिझेल, ट्रक स्टक अक्रॉस द नाला. पलीकडचा गोरा माणूसही त्याच शब्दांत उत्तर द्यायचा. दोघांनाही त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

"हे शब्द आमचे आहेत," ती एकदा म्हणाली. आवाजात तक्रार होती, की आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी तसं काहीतरी.

"होते," कॉलिन म्हणाला. "लूट तुमचाच. बंगला तुमचा. मी झोपतो ती कॉट, तीही तुमची."

कॉट म्हणजे खाट. कॉट हा शब्द तिनं मुलांना शिकवला होता, स्पेलिंगसकट, आणि तिच्या घरी अंगणात केरबांची सुतळीची खाट अजून उभी होती. दोन्ही एकच, हे तिनं कधी जुळवून बघितलंच नव्हतं.

धोंडप्पाला या कशाचं काही नव्हतं. तो कानडीत शिव्या द्यायचा, दखनीत हिशोब सांगायचा, मराठीत गाणं म्हणायचा आणि कॉलिनला "ओके साब, नो वरीज" म्हणायचा. तारामतीला त्याचा हेवा वाटे आणि रागही येई.

मग एका गावात ती गोष्ट घडली. बोअर कुठं पाडायचा हे ठरवायला सरपंच, चार मंडळी, कॉलिन आणि तारामती पारावर बसले होते. संस्थेचा नियम होता, एका गावाला एक बोअर. सरपंच देवळाजवळची जागा दाखवत होते. कॉलिननं लांब, ओढ्याकाठी दिसणाऱ्या झोपड्यांकडे बोट केलं आणि विचारलं, ती माणसं पाणी भरायला इथं येतील ना?

सरपंच हसले. म्हणाले, "ते कशाला इकडं येतील? तो..." आणि त्यांनी त्या वस्तीचं जुनं नाव घेतलं. पुढे जात, मागे वाडा, सगळं एका दमात, जसं लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले.

"काय म्हणतात?" कॉलिननं विचारलं.

तारामती शब्द शोधू लागली. याला इंग्रजीत काय म्हणायचं? कॉलनी म्हणावं तर कॉलनीत बंगले असतात. व्हिलेज म्हणावं तर त्या लोकांना गावात मोजतच नाहीत, म्हणून तर ते ओढ्याकाठी आहेत. आणि जातीचं नाव ती या परक्या माणसापुढे आपल्या तोंडानं घेणार नव्हती. धर्म बदलला त्याला सतरा वर्षं झाली होती. ते नाव गेलं पाहिजे म्हणूनच तर वडिलांनी तिला शाळेत घातलं होतं. तिनं पुढचा भाग टाकून दिला.

"तो वाडा आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "वाडा म्हणजे जे लोक गावाबाहेर ठेवलेले असतात त्यांची वस्ती. त्यांना गावाच्या पाण्याला हात लावता येत नाही."

कॉलिननं पुन्हा त्या झोपड्यांकडे पाहिलं. मग विचारलं, "प्रत्येक गावाला वाडा असतो?"

"प्रत्येक."

"तीन वर्षांत मला हे कोणी सांगितलं नाही."

त्या दिवसापासून तो जीपमधून उतरला की पहिला प्रश्न विचारायचा, "व्हेअर्स द वाडा?" लातूरच्या ऑफिसातही त्यानं तो शब्द रुजवला. वाडा नीड्स वन. वाडा फर्स्ट. आधी 'गाव' या एका शब्दात जे झाकून जायचं ते आता त्यांना दिसू लागलं, आणि महिनाभरात पाच-सहा वस्त्यांना स्वतःचं पाणी मिळालं. तारामती हे बघायची आणि तिची छाती भरून यायची. आणि त्याच वेळी तो शब्द गोऱ्या तोंडातून ऐकला की मानेवर कोणीतरी फुंकर मारावी तसं व्हायचं. जिथून पळून आपण इंग्रजीत शिरलो, तोच शब्द आपण हातानं इंग्रजीत नेऊन ठेवला. धोंडप्पाला एकदा तिनं हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "पाणी लागलं ना बाई? मग कशाला डोकं खराब करून घेता?"

मोरतळीची पाळी आली त्या दिवशी शाळेत निकालाची बैठक होती, चुकवता येण्यासारखी नव्हती. तारामतीनं कॉलिनला दोनदा बजावलं, "माझं गाव आहे. वाड्यात पाडा." त्यानं अंगठा वर करून दाखवला. दिवसभर ती बैठकीत पाय हलवत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती मोरतळीला पोचली. उतरताना तिला कळशी घेतलेल्या बायका दिसतील असं वाटत होतं. नागुबाई नेहमीसारखी खडी फोडायला निघाली होती.

"पाणी लागलं का माय?"

"लागलं की. लई लागलं. कारंज्यावानी उडालं."

"कुठं?"

"पाटलाच्या वाड्यात."

झालं होतं ते असं. कॉलिननं गावात शिरताच त्याच्या सवयीनं हाक दिली, वाडा, वाडा! पाटील व्यंकटराव पुढे आले. त्यांनी हात जोडले, म्हणाले, "वाडा ना? या की साहेब, आपलाच वाडा," आणि मोठ्या दिंडी दरवाज्यातून ट्रक थेट अंगणात घेतला. कॉलिनला भिंत उंच वाटली, दरवाजा मोठा वाटला, पण तारामती म्हणाली होती वाडा आणि सगळं गाव म्हणत होतं वाडा. धोंडप्पा त्या दिवशी मागच्या डिझेलच्या गाडीचं पंक्चर काढत वाटेत राहिला होता, आणि कॉम्प्रेसर त्याचा मदतनीस चालवत होता.

तारामती घरात टेकलीही नाही. यंत्र निलंग्याच्या बाजूला गेलं होतं. दोन गाड्या बदलून, उरलेलं अंतर उन्हात चालून ती तिथं पोचली तेव्हा कॉलिन ट्रकच्या सावलीत भाकरी खात होता. तो आनंदानं उठला. "तुझ्या वाड्यात चांगलं पाणी लागलं!"

ती बोलायला लागली आणि तिचं व्याकरण कोसळलं. काळ, वचन, काही राहिलं नाही. मध्येच मराठी घुसत होतं, मध्येच मोरतळीचं. "नॉट माय वाडा! पाटलाचा वाडा! बिग मॅन हाऊस! तुम्ही पाटलाच्या घरात पाणी पाडून राहिले!"

"तू मला वाडाच सांगितलं होतंस."

"मी अर्धाच सांगितला."

मग तिनं पूर्ण शब्द सांगितला. पुढच्या जातीच्या नावासकट, सावकाश, त्याला नीट ऐकू जाईल असा. कॉलेजात, शाळेत, कुठंही तिनं तो उच्चारला नव्हता. तिनं सांगितलं की वाडा दोन्हीला म्हणतात, गावातल्या सगळ्यांत मोठ्या घरालाही आणि गावानं बाहेर टाकलेल्या वस्तीलाही. कोणता ते पुढच्या शब्दावरून कळतं. तो शब्द तिला लाजेखातर तोंडात घेववला नाही, म्हणून इंग्रजीत वाडा लंगडाच गेला.

कॉलिननं भाकरी खाली ठेवली. यंत्र मागे आणता येणार नव्हतं. पुढच्या गावांच्या तारखा ठरल्या होत्या, आणि मोरतळीच्या वाट्याचा एक बोअर झाला होता. तो म्हणाला, "सॉरी." तारामती तिथंच फेऱ्या घालत राहिली, ट्रकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग थांबली.

"हातपंप बसवला का त्यावर?"

"नाही. तो नंतर बसतो. धोंडप्पा बसवणार."

"मग बसवू नका. पंप सार्वजनिक जागेवरच बसतो ना, तुमचा नियम आहे. पाटलाचं अंगण सार्वजनिक आहे का?"

कॉलिननं खिशातून जीपची किल्ली काढली. म्हणाला, "नाही."

दोघं जीपनं मोरतळीला गेले. व्यंकटरावांनी चहा पाठवला, खुर्च्या मांडल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. "बाई, मी काय चोरून नेलं का? तुमच्या साहेबांनीच वाडा वाडा म्हणून गाडी आत घातली. आता पाणी लागलं ते सगळ्यांचंच आहे. तुमच्या वस्तीच्या बायांनी यावं, दरवाज्याशी उभं राहावं. आमची गडीमाणसं वरून ओततील."

"वरून ओतलेलं पाणी आमच्यानं प्यायचं न्हाई, पाटील," तारामती म्हणाली. 'न्हाई' तिच्या तोंडून आपोआप गेलं. "रस्त्याकडची भिंत पाडा. बोअर रस्त्यावर येईल. मग पंप बसेल."

"आणि नाही पाडली तर?"

"तर ते नुसतं भोक आहे."

व्यंकटराव हसले, आणि त्यांनी विषय बदलला. भिंत पाडली नाही. पंपही बसला नाही. असा बराच काळ गेला, आणि हा काळ तारामतीला सगळ्यांत कठीण गेला. आपल्यामुळे पाणी जमिनीखाली अडून राहिलं आणि माय अजून ओढ्यात झरे उकरते आहे, या विचारानं तिला अन्न गोड लागेना. वस्तीतल्या काही जणांनी बोलून दाखवलं, वरून ओतलेलं तर ओतलेलं, लेकरं तर तहानेनं मरून राहिली. नागुबाईनं ते ऐकून घेतलं. ती मुलीला एवढंच म्हणाली, "आता माघारी फिरू नको. फिरली तर दोन्हीकडनं जाशील."

शेवटी जोर आला तो भलत्याच बाजूनं. पाटलांच्या भावकीतल्या बायकाही मैलभर लांबून पाणी आणत होत्या. अंगणात पाणी आहे आणि डोक्यावर घागर आहे, हे त्यांना सोसवेना. त्यांच्यातली थोरली चतुराबाई एक दिवस वाड्यात शिरली आणि व्यंकटरावांना सगळ्यांदेखत म्हणाली, "भिंत प्यायची हाय का तुमाला?" चार दिवसांनी रस्त्याकडची भिंत बैलगाडी जाईल एवढी फुटली.

धोंडप्पानं पंप बसवला. कॉलिनही आला होता. पहिल्या दिवशी भावकीच्या बायका आधी आल्या, त्यांनी राखेनं पंपाचा दांडा घासला, धुतला आणि पाणी भरलं. मग त्या बाजूला सरून बघत उभ्या राहिल्या. नागुबाई पुढे झाली. तिनं पदराची गाठ सोडून चिमूटभर राख काढली, दांडा त्यांच्यासारखाच घासला, त्यांच्यासारखाच धुतला आणि मग हात घातला. भावकीच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. चतुराबाईच्या तोंडावर मात्र हसू फुटलं, आणि तिनं ते दाबलंही नाही.

हे असं धुणं दोन उन्हाळे चाललं. मग एक दिवस राख आणायचा कंटाळा आधी कोणाला आला, हे मोरतळीत अजून कोणी सांगत नाही.

कॉलिन पुढच्या वर्षी दुसऱ्या देशात गेला. निघताना त्यानं तारामतीला विचारलं होतं, आता ऑफिसात वाडा शब्द बंद करायला सांगू का? ती म्हणाली, सांगून बघा. त्यानं सांगितलं, ते कोणी ऐकलं नाही. त्याच्या जागी आलेल्या तरुण इंग्रज बाईनं तारामतीला भेटल्या भेटल्या समजावलं की वाडा म्हणजे गावाच्या कडेला पाडलेला बोअर. तारामतीनं तिला खरा अर्थ सांगितला. बाईनं मान डोलावली आणि जाताना ड्रायव्हरला म्हणाली, चला, अजून दोन वाडे बघायचेत. तारामती रस्त्यावर उभी राहून जीप दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. राग येत होता, आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला तेव्हा ती लातूरच्या शाळेत होती. गावात मांडव पडले, कमानी लागल्या, उदगीर उस्मानाबादेतून सुटून नव्या जिल्ह्यात आलं. शिक्षकांना कवायतीसाठी पोरं घेऊन मैदानावर बोलावलं होतं. नागुबाई पहिल्यांदाच लातूर बघायला आली होती. ती मांडवाच्या कडेला बसून सगळं न्याहाळत होती. तिनं विचारलं, "आता आपण कोन्या जिल्ह्याचे गं?"

"लातूरचे, माय."

"म्हंजी काय झालं?"

तारामतीला चटकन सांगता आलं नाही. कचेरी जवळ आली, ती म्हणाली. हेलपाटे कमी होतील. नागुबाईला ते पटलं नाही, असं दिसलं. भोंग्यावर भाषण चालू होतं, पोरं उन्हात चुळबुळत होती. समारंभ संपायच्या आधीच तारामती मायचा हात धरून उठली. मोरतळीचा पंप आठवडाभर बंद होता आणि नव्या कचेरीत तो कोणाच्या अखत्यारीत येतो ते कोणालाच माहीत नव्हतं. कलेक्टरसाहेब मांडवातून बाहेर पडायच्या आत त्यांना गाठायचं होतं. "बेगीन चल," ती मायला म्हणाली, आणि गर्दीतून वाट काढत निघाली.